टेकूचे गणित जमिनीपासून

पनवेलहून रोह्याकडे जाताना नागोठण्यानंतर निडी स्टेशन लागते. पेणपासून रोह्यापर्यंतचा हा सगळा पट्टा भातखाचरांचा. पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त पाणी पडते आणि जून ते सप्टेंबर बांध, अंगण, गाडीवाट सगळेच मऊ होऊन जाते. अशा ठिकाणी मोटरसायकलमागे जोडायची छोटी दोनचाकी ट्रॉली बनवून घ्यायची झाली, तर वेल्डिंगच्या दुकानात सगळी चर्चा आस, चाके, पाटे आणि हुक यांचीच होते. पुढच्या दांडीखालच्या टेकूचा विषय सर्वांत शेवटी निघतो आणि उरलेल्या पाइपचा एखादा तुकडा जोडून मिटवला जातो. टेकू म्हणजे वजन पेलणारा पाय, म्हणून पाय जाड असला की झाले, अशी यामागची समजूत. ती चुकीची आहे. पायाची ताकद बहुतेक वेळा गरजेपेक्षा पुष्कळ जास्तच असते. टेकू फसतो तो तळाशी, जमीन आणि लोखंड जिथे भेटतात तिथे. (अशी ट्रॉली रस्त्यावर आणण्याआधी परिवहन कार्यालयात नियम विचारून घ्यावेत. इथे प्रश्न फक्त यंत्रशास्त्राचा आहे.)

आधी टेकूवर वजन किती येते ते पाहू. मालासकट 100 किलोची ट्रॉली धरा. तिचा गुरुत्वमध्य आसाच्या 15 सेंटिमीटर पुढे आणि हुक आसापासून दीड मीटरवर असेल, तर हुकावर 10 किलो भार येतो. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे असावा, हा लहान ट्रॉल्यांचा रूढ संकेत त्यात सांभाळला जातो. टेकू आसापासून 1.2 मीटरवर असेल, तर मोटरसायकल सोडवल्यावर त्याच्यावर साडेबारा किलो येतात. साठ किलोचा माणूस माल लावायला चढला आणि आसाच्या 50 सेंटिमीटर पुढे उभा राहिला, तर आणखी 25. म्हणजे वाईटातले वाईट धरले तरी चाळिशीच्या आत. आता पाय पाहा. अडीच सेंटिमीटर व्यासाची, दोन मिलिमीटर जाडीची, 40 सेंटिमीटर लांबीची साधी पोलादी नळी सरळ उभी असेल, तर ती मोडायला हिशेबाने दोन टनांहून जास्त भार लागतो. तीच नळी वरून पक्की धरून तळाला आडवी ढकलली, तर सुमारे 50 किलोच्या जोरातच कायमची वाकते. वरून येणाऱ्या वजनाची काळजी करत आपण जाड पाइप शोधतो आणि धोका बाजूने येतो. म्हणून जाडी वाढवण्यापेक्षा एक तिरकी पट्टी मारून घेतलेली बरी.

आता तळ. त्याच नळीचे तोंड उघडे ठेवले, तर जमिनीला टेकते ती फक्त तिची कड, जेमतेम दीड चौरस सेंटिमीटर. रिकाम्या दांडीचे साडेबारा किलोही मग दर चौरस सेंटिमीटरला साडेआठ किलोंच्या वर दाब देतात. टोक बंद केले तरी अडीच किलो. उलट, दोन पायांवर उभा असलेला माणूस जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आतबाहेर दाब देतो. ज्या ओल्या मातीवर माणूस न रुतता उभा राहतो, तिथे ही नळी भोक पाडत खाली जाते, आणि सकाळी सरळ ठेवलेली ट्रॉली संध्याकाळी नाक टेकवून बसलेली सापडते. मे महिन्यातल्या तापलेल्या डांबरावरही हेच होते, फक्त सावकाश. उपाय भंगारातच आहे. मोटरसायकलचे झिजलेले मागचे स्प्रॉकेट गॅरेजमध्ये पडलेले असते. बेचाळीस दात्यांचे असेल तर त्याचा व्यास सुमारे 17 सेंटिमीटर भरतो. भोके वजा केली तरी दीडशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास लोखंड जमिनीला लागते. दाते घासून घेतले, मधल्या भोकावर जाड पत्रा वेल्ड केला आणि नळीला ते एका सैल बोल्टने जोडले, की उंचसखल जागेवर तळ स्वतःच कलून सपाट बसतो. माणूस वर चढलेला असतानाही दाब पाव किलोच्या घरात राहतो. म्हणजे जिथे आपण उभे राहू शकतो तिथे टेकूही राहतो. वेगळी परीक्षा लागत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: एवढा खटाटोप कशाला, वीट ठेवा. विटेची बाजू खरी आहे. आडव्या विटेचा तळ अडीचशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास असतो, स्प्रॉकेटपेक्षाही ऐसपैस. पण ती दांडीला बांधलेली नसते. एक धक्का लागला की दांडी घसरते, आणि पुढच्या गावी पोचल्यावर आठवते की वीट मागेच राहिली. दुसरा आक्षेप विकतच्या स्क्रू जॅकचा. दांडी वरखाली करून हुकाशी जुळवायला जॅकसारखे सोयीचे काही नाही, हे मान्य. पण त्याची क्षमता शेकडो किलोंची आणि तळ तळहाताएवढा, म्हणजे आपल्याला हवे त्याच्या नेमके उलटे. शिवाय कोकणातल्या दमट हवेत उघडा स्क्रू ग्रीस न लावता ठेवला की एका पावसाळ्यात जाम होतो. ज्याच्याकडे जॅक आहे त्याने तो टाकून देऊ नये. खाली पत्र्याचा रुंद तळ जोडावा, इतकेच.

तिसरा आक्षेप जास्त विचार करण्यासारखा: टेकूऐवजी छोटे चाकच का लावू नये? याचे एक लक्षवेधी उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 2022 मध्ये इस्लामपूरच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी ऊस वाहणाऱ्या बैलगाडीला दोन बैलांच्या मधोमध फिरता आधार बसवला, म्हणजे तिसरे चाक. ‘सारथी’ नावाच्या या प्रकल्पाचा हेतू बैलांच्या मानेवरचा भार कमी करण्याचा होता. उसाने खच्चून भरलेल्या गाडीत पुढे येणारे वजन मोठे असते आणि ते तासन्तास सोसायचे असते. तिथे चाकाचा आधार चालत्या गाडीला हवा. आपल्या ट्रॉलीचे पुढचे वजन दहा-बारा किलो, आणि टेकू लागतो तो उभे राहिल्यावर. काँक्रीटच्या अंगणात ट्रॉली हाताने फिरवायची असेल तर छोटे चाक जरूर लावावे. चिखलात मात्र ते रुतते, आणि उतारावर नको तेव्हा फिरते.

उतार आणि मागचा भार या दोन गोष्टींत कुठलाच टेकू एकट्याने कामाचा नाही, हे टेकूची बाजू घेणाऱ्यानेही मान्य करायला हवे. दोन चाके आणि टेकू मिळून त्रिकोण होतो. तीन पायांची वस्तू खडबडीत जागेवरही डगमगत नाही, हा त्याचा फायदा. पण गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाच्या मागच्या कडेपासून, म्हणजे आसापासून, अवघा 15 सेंटिमीटर आत आहे. आसामागे 50 सेंटिमीटरवर 30 किलोचे एक पोते आणखी ठेवले, की टेकूवरचा भार शून्य होतो. त्यावर हात टेकला तरी ट्रॉली उलाळते. ट्रॉलीचे तोंड चढाकडे असेल तर एवढ्या जड पोत्याचीही गरज नाही. गुरुत्वमध्य आसाच्या 40 सेंटिमीटर वर असेल, तर चाराला एक अशा चढावर त्या 15 सेंटिमीटरांपैकी 10 तिथेच खर्ची पडतात. म्हणून माल भरताना पुढून सुरुवात करायची आणि उतरवताना मागून. बैलगाडी भरणाऱ्यांना हे सांगावे लागत नव्हते. मोटरसायकलवाल्यांना सांगावे लागते. मोटरसायकल जोडलेलीच ठेवली तरी सुटका नाही, कारण ट्रॉली उलाळली की ती मोटरसायकलचे मागचे चाकच उचलू पाहते.

राहिला जुन्या मोटरसायकलच्या साइड स्टँडचा पर्याय. गॅरेजवाले बहुधा हाच सुचवतील, आणि सूचना चांगली आहे. 110 किलोच्या आसपासच्या गाडीचा हिस्सा पेलायला केलेला तो पाय आपला भार सहज घेतो, स्प्रिंग आणि बिजागरी तयार मिळतात, तळ तेवढा वाढवायचा. वाद आहे तो कुठल्या दिशेने मिटावा याचा. मागे मिटणारा स्टँड ट्रॉली पुढे सरकली की दुमडतो आणि दांडी आपटते. पुढे मिटणाऱ्यात ही अडचण नाही. त्यामुळे तो सुरक्षित वाटतो, पण हिशेब उभ्या ट्रॉलीपुरता नसतो. पिन निसटून स्टँड चालत्या गाडीत खाली आला, तर मागे मिटणाऱ्याला रस्ताच वर ढकलतो; पुढे मिटणारा रस्त्यात रुततो आणि ट्रॉली त्याच्यावरून उडी मारते. उभ्या ट्रॉलीचा दोष दोन दगडांनी भरून निघतो, उताराच्या बाजूने दोन्ही चाकांना एकेक. चालत्या ट्रॉलीचा दोष कशानेच भरून निघत नाही. तेव्हा स्टँड मागे मिटणाराच घ्यावा, मिटल्यावर स्प्रिंगच्या जोडीला आरपार पिन घालावी, आणि रुंद केलेला तळ जमिनीपासून किती वर राहतो ते भरलेल्या ट्रॉलीवर मोजावे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच असतो. गावातले पुष्कळसे त्या मापाचे नसतात, म्हणून 15 तरी मोकळे ठेवावेत.