आधी गाठ, मग भरोसा

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत दुपारी तीनच्या सुमारास सळयांचे भारे चढवून ट्रेलर गेटाबाहेर येतो आणि रोजा धरलेल्या चालकाचं खरं काम तेव्हा सुरू होतं. सहरीला प्यालेलं पाणी कधीच जिरलेलं असतं, लोखंड हाताला चटके देत असतं. माल चढवणं क्रेनचं आणि हमालांचं काम. तो बांधायचा मात्र चालकाने, कारण रस्त्यात काही सरकलं तर जाब त्यालाच द्यावा लागतो.

लोखंडावर लोखंड घसरतं. म्हणून भाऱ्यांखाली आणि दोन थरांच्या मध्ये लाकडी ठोकळे घालतात. साखळीने माल नुसता अडवायचा नसतो, तो खाली दाबून धरायचा असतो. हा दाब कमी पडला तर जोराचा ब्रेक लागताच गाडी थांबते, पण सळया थांबत नाहीत. त्या पुढे येतात आणि पुढे केबिन असते.

ताडपत्रीचंही एक शास्त्र आहे. दोन ताडपत्र्या असतील तर आधी मागची अंथरायची आणि पुढचीची कड तिच्यावर चढवायची, म्हणजे वारा खाली शिरत नाही. कोपऱ्यांच्या घड्या मागच्या दिशेने घालायच्या. धारदार कडेवर दोर येत असेल तिथे जुन्या टायरचा तुकडा नाही तर गोणपाट ठेवायचं. साखर, सिमेंट घट्ट झाकतात. कांदा तसा झाकला तर आतल्या आत घाम धरून सडतो. कोणत्या मालाला किती हवा लागते, हे जुन्या क्लीनरला जितकं ठाऊक असतं तितकं अनेक व्यापाऱ्यांनाही नसतं.

गाडीच्या मागे बाहेर डोकावणाऱ्या सळयांनी रात्री दुचाकीवरच्या कितीतरी माणसांचा घात केला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर माल मर्यादेबाहेर डोकावला तर २० हजार रुपये दंड आहे, शिवाय तो उतरवण्याचा खर्चही. बारा मीटरची सळई म्हणूनच बहुतेकदा मधोमध दुमडून भरतात. लाल फडकं बांधलं की झालं, असं मानणारे अजूनही भेटतात. पण अंधारात फडकं कुणाला दिसणार?

उंट बांधावा, की मोकळा सोडून अल्लाहवर भरोसा ठेवावा, असं एकाने पैगंबरांना विचारलं होतं. आधी बांध, मग भरोसा ठेव, अशा आशयाचं उत्तर त्याला मिळालं. तिर्मिझींच्या संग्रहात ही हदीस आहे. रमजानच्या प्रवचनांत ती अनेकदा कानी पडते, पण ट्रेलरवर चढून साखळी आवळणाऱ्याला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

प्रवाशाला रोजाची सवलत कुरआननेच दिली आहे. सुटलेले रोजे नंतर पुरे करायचे. अडचण अशी की ट्रेलरचालक बारा महिने प्रवासीच असतो. त्याचं ‘नंतर’सुद्धा रस्त्यावरच येतं. म्हणून कित्येक जण प्रवासातही रोजा धरतात. डोळे जड होऊ लागले, तर मात्र सवलत घेण्यात कमीपणा कसला? त्याच्या झोपेची किंमत मागून येणारा मोजतो, आणि त्या बिचाऱ्याला कुणाचा रोजा आहे हे माहीतही नसतं.

बदनापूर ओलांडलं की गाडी एकदा बाजूला घ्यावी लागते. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरच्या हादऱ्यांनी माल बसतो आणि साखळ्या सैल पडतात. इफ्तारच्या आधी मुक्काम गाठायच्या घाईत हाच थांबा चुकवला जातो. क्लीनर ‘उस्ताद, बसूनच राहा’ म्हणत पान्ह्यासह खाली उतरतो. उस्ताद ऐकत नाहीत. एका बाजूने तो, दुसऱ्या बाजूने हे, प्रत्येक साखळी हाताने ओढून पाहतात. मगरिबची वेळ होते ती छत्रपती संभाजीनगरच्या पुढे, एखाद्या ढाब्यावर. क्लीनरचा रोजा नसतो, तरी चहाचा ग्लास त्याने खाली ठेवलेला असतो. खजूर, पाणी, नमाज, दोन घास. मग बॅटरी घेऊन दोघे पुन्हा गाडीला एक फेरी मारतात, कारण पुढे अहिल्यानगरपर्यंत रात्रीचा रस्ता असतो.