दहा लाख चुलींचं गणित

चार किलो सरपण म्हणजे काही फार नव्हे. सकाळचा चहा, दोन वेळची भाकरी-कालवण आणि बंबातलं आंघोळीचं पाणी, एवढ्यात ते संपतं. पण २०११च्या जनगणनेत सातारा आणि सांगलीच्या खेड्यांत मिळून सुमारे ४५ लाख माणसं होती. साडेचार माणसांचं घर धरा, १० लाख चुली झाल्या. सगळ्या पेटल्या तर रोज ४,००० टन लाकूड. दहाटनी ४०० ट्रक, रोजच्या रोज!

कोयना-चांदोलीचं जंगल पोटात घेणारा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प सुमारे १,१६५ चौरस किलोमीटरचा. हेक्टरी वर्षाला एक टन लाकूड वाढतं असं धरलं, तर त्याची वर्षभराची वाढ या चुली २९ दिवसांत फस्त करतील.

अर्थात हे कागदावरचं गणित. गॅस आता घरोघर पोचलाय, आणि माण-जत-आटपाडीकडे एवढं जंगल आहेच कुठं? तिथं वेडी बाभूळ, तुराट्या, शेण्या. बंब मात्र बऱ्याच घरी लाकडावरच तापतो. त्यासाठी गॅसची टाकी कोण संपवणार?

१९९० साली केंद्रानं आणि १९९२ साली महाराष्ट्रानं संयुक्त वन व्यवस्थापनाचं धोरण आणलं. गावाच्या समितीनं जंगल राखायचं, बदल्यात वाळलं सरपण, गवत घ्यायचं. चांगलंच झालं. पण समिती राखते झाड, आणि खरी गळती असते चुलीत. तीन दगडांच्या चुलीत लाकडातली जेमतेम दहावा हिस्सा उष्णता भांड्याला लागते. बाकी धूर आणि वारा. म्हणून १४.२ किलोची एक टाकी दोनशे किलोंहून जास्त लाकडाचं काम करते. म्हणजे बाईच्या डोक्यावरच्या आठ-दहा मोळ्या.

फलटण भागात काम करणाऱ्या 'आरती' या संस्थेनं उसाच्या पाचटाचा कोळसा करून दाखवला. २००२ साली त्याला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. तिच्या सराई कुकरमध्ये १०० ग्रॅम कोळशावर पाच माणसांचं वरण-भात-भाजी शिजतं. हेक्टरी आठ टन पाचट आणि त्याचा पाचवा हिस्सा कोळसा धरला, तर एका हेक्टरात १६,००० वेळचा स्वयंपाक. एका घराला जवळपास २२ वर्षं पुरेल! आणि कराड-वाळव्याकडे तोडणी झाली, की कितीतरी शेतकरी फडातलं पाचट तासाभरात पेटवून मोकळे होतात.

फक्त सराई कुकर वाफेवर चालतो. त्यात भाकरी होत नाही.