गाणी भरून मिळतील

ऑगस्ट २०२४ चा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. त्या महिन्यात एअरटेलने विंक म्युझिक गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. दहा वर्षं चाललेलं ॲप, त्यात लोकांनी आवडीने लावलेल्या गाण्यांच्या याद्या, सगळं संपलं. त्याच महिन्यात सिनॉलॉजी या तैवानी कंपनीने आपल्या साठवण-यंत्रांसाठी ७.२.२ ही नवी प्रणाली आणली आणि तिच्यातून व्हिडिओ स्टेशन काढून टाकलं. लोकांनी यंत्र रोख पैसे मोजून घेतलेलं, ते त्यांच्याच घरात, वीजबिलही तेच भरणार, आणि त्यातला सिनेमा दाखवणारा भाग कंपनीने दुरून काढून नेला. एकदा नवी प्रणाली चढवली की मागे फिरायची सोयही नव्हती. पुढच्या वर्षी १४ फेब्रुवारीला जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले. २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्स या सेवेने लोकांना त्यांच्याच घरात साठवलेले त्यांचेच व्हिडिओ बाहेरगावाहून बघायला पैसे लावले, आणि त्यांचा आजीवन पास १२० डॉलरवरून २५० डॉलरवर गेला.

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडात बसून तैवान आणि अमेरिकेच्या कंपन्यांवर चिडायचं कारण काय, असं कुणी विचारेल. कारण हे आमच्याकडे दुसऱ्यांदा घडतंय. पहिल्यांदा घडलं तेव्हा कुणी दखल घेतली नाही. कुठल्या वर्तमानपत्रात दोन ओळीही आल्या नाहीत.

त्याआधीची वर्षं मी भराभर ओलांडतो. परभणी आकाशवाणी होती, हैदराबादचं स्टेशन लागायचं. मग टेपरेकॉर्डर आले, टी-सिरीज आणि व्हीनसच्या कॅसेटी आल्या. पुढे टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन पिक्चर बघायचे दिवस आले. त्या दिवसांवर पुष्कळांनी गहिवरून लिहिलंय, माझा जीव त्यात फारसा रमत नाही. तेव्हा आम्ही फक्त ऐकणारे आणि बघणारे होतो. काय लागेल ते दुसराच कुणी ठरवायचा.

मला सांगायचंय ते साधारण २००६ ते २०१६ या दशकाबद्दल. मेमरी कार्डाच्या दशकाबद्दल.

मुखेडच्या बसस्टँडच्या अंगाने, आठवडी बाजाराच्या रस्त्यावर, मोबाईलच्या प्रत्येक दुकानावर तेव्हा पाटी असायची: 'गाणी भरून मिळतील'. आत एक कॉम्प्युटर, त्याला लटकलेला कार्ड रीडर, आणि स्टुलावर बसलेला वीस-बावीस वर्षांचा पोरगा. गिऱ्हाईक कमरेच्या कशातून किंवा टोपीच्या घडीतून नखाएवढं कार्ड काढायचं.

"मामा, काय टाकू? लग्नाचे, जत्रंचे का भजन?"

"दोन जीबीत किती बसतेत?"

"पाचशे गाणे बसतेत. व्हिडिओ टाकला तर कमी."

त्या पोराचा हिशेब पक्का असायचा. १२८ केबीपीएसचं एमपीथ्री म्हणजे मिनिटाला साधारण एक एमबी, चार-पाच मिनिटांचं गाणं चार-पाच एमबीचं. सिनेमा हवा असेल तर थ्रीजीपी, १७६ बाय १४४ ठिपक्यांचं चित्र, नायकाचं नाक-डोळे नीट दिसायचे नाहीत, पण अख्खा पिक्चर कार्डात मावायचा. माल यायचा कुठून? कुणी नांदेडहून हार्ड डिस्क भरून आणायचं, कुणी हैदराबादहून. ज्याच्याकडे बीएसएनएलचं ब्रॉडबँड होतं तो रात्री दोन ते सकाळी आठच्या मोफत वेळेत डाउनलोड लावून झोपायचा. वीज राहिली तर. भारनियमनाची ती वर्षं होती. खेड्यात अर्धा दिवस लाइट नसायची, टीव्ही असून नसल्यासारखा. अशा अंधारात चायना मोबाईलचा तो कर्कश स्पीकर हे घराघरातलं एकमेव करमणुकीचं साधन होतं.

या तालुक्यातली माणसं दिवाळी झाली की बाहेर पडतात. कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर, कुणी हैदराबादला, कुणी मुंबईला बांधकामावर. जायच्या आदल्या दिवशी दुकानात रांग लागायची. फडावर रेंज नसते, कोपीत टीव्ही नसतो. सहा महिने पुरतील एवढी गाणी, दोन-चार पिक्चर, महाराजांचं एखादं कीर्तन एवढा ऐवज घेऊन माणूस निघायचा. वीस-तीस रुपयांत. आणि तो ऐवज त्याचा असायचा. हप्ता थकला म्हणून कुणी काढून नेणार नव्हतं.

मोठ्या शहरांतले शहाणे या पोरांना चोर म्हणायचे. गाणाऱ्याला, लिहिणाऱ्याला यातला एक रुपया मिळत नव्हता हे खरं आहे, आणि तो अन्यायच होता. ज्यांच्या गाण्यांवर आमच्या जयंत्या आणि जत्रा उभ्या राहिल्या, ते वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे दोघंही २००४ मध्ये गेले. त्यानंतरच्या दशकात त्यांची गाणी लाखो कार्डांवर फिरली आणि त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण चोर म्हणणाऱ्यांना मी तेव्हाही विचारत होतो आणि आजही विचारतो: विकत घ्यायचं दुकान मुखेडला होतं कुठे? देगलूरला, कंधारला होतं? कंपन्यांना ऊसतोड मजूर हे गिऱ्हाईक वाटतच नव्हतं. ज्याला तुम्ही माल विकायलाच आला नाहीत, त्याने तुमचा माल बुडवला म्हणायचं हा कुठला न्याय?

याहून मोठी गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. त्या दुकानांच्या कॉम्प्युटरवर सिनेमाच्या गाण्यांशेजारी दुसरेही फोल्डर असायचे. कुणाच्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह, मोबाईलवर टेप केलेला. १४ एप्रिलच्या रात्रीचा जलसा. १ ऑगस्टला अण्णाभाऊंच्या जयंतीत गायलेली कवनं. मन्मथस्वामींचे अभंग म्हणणाऱ्या बायांचा आवाज, परमरहस्याचं पारायण. शिवलिंग शिवाचार्य महाराज अहमदपूरकरांची प्रवचनं. माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतली वाघ्या-मुरळीची गाणी, मागे घोडे खिंकाळताहेत आणि पाळण्याचा करकर आवाज येतोय. गिऱ्हाईक आपलं रेकॉर्डिंग घेऊन यायचं, पोरगा ते कॉपी करून ठेवायचा, दुसऱ्या गावचा माणूस ते मागायचा. नाव नाही, तारीख नाही, 'महाराज नवीन २' असं काहीतरी. तरीही आमच्या भागाच्या आवाजाचं तेवढं एकच दफ्तर होतं, आणि ते कुठल्याही विद्यापीठाने नव्हे, बारावी नापास पोरांनी सांभाळलेलं होतं.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. फुकट डेटा आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पाण्याला महाग झालेल्या या मुलखात डेटा मात्र धो धो वाहू लागला. 'आता साठवायचं कशाला? पाहिजे तेव्हा सगळं मिळतंय,' असं सांगणाऱ्यांची लाट आली. यात माझे मित्र होते, शिक्षक होते, कॉम्प्युटरचे क्लास घेणारे होते. हार्ड डिस्क सांभाळणाऱ्याकडे लोक कीव आल्यासारखं बघू लागले. वर्ष-दोन वर्षांत पाट्या उतरल्या. दुकानं रिचार्ज, कव्हर आणि स्क्रीनगार्डवर आली. ते कॉम्प्युटर भंगारात गेले, नाहीतर फॉरमॅट होऊन बिलं करायला बसवले गेले. १ सप्टेंबर २०२० ला अहमदपूरकर महाराज गेले तेव्हा गावोगावची माणसं जुनी प्रवचनं शोधत फिरत होती. मोठ्या कार्यक्रमांचे व्हिडिओ इंटरनेटवर मिळाले. गावातल्या पारावरचं, पन्नास माणसांसमोरचं, आपल्या माणसाशी बोलावं तसं बोललेलं कुठेच नव्हतं.

'सगळं मिळतंय' म्हणणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं आहे, की कंपनीकडे जे कधी नव्हतंच ते कंपनीकडून मिळणार कसं? आणि जे होतं त्याचं काय झालं, तेही २०२४ पासून तुम्ही पाहिलंत.

म्हणून माझ्या घरी आता दोन खणांचं एक यंत्र आहे. सगळे त्याला नॅस म्हणतात. दोन हार्ड डिस्क, राउटरला जोडलेली वायर, इन्व्हर्टरवरची लाइन. तीच गोष्ट एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकूनही होते. त्यावर जेलीफिन चालतं, घरातली गाणी-पिक्चर दाखवणारा प्रोग्रॅम. डिसेंबर २०१८ मध्ये एम्बी नावाच्या मीडिया सर्व्हरने आपला खुला कोड बंद केला, तेव्हा काही स्वयंसेवकांनी शेवटचा खुला कोड घेऊन हे उभं केलं. त्याला वर्गणी नाही, खातं काढायला बाहेरच्या कुणाची परवानगी लागत नाही.

पण मला जास्त मोलाचं वाटतं ते डॉकर. २०१३ मध्ये आलेलं हे तंत्र. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका बंद कंटेनरमध्ये असतं, आणि तुमच्या फायली बाहेर, यंत्राच्या फोल्डरमध्ये. वाड्यातल्या खोलीत भाडेकरू ठेवावा तसं आहे हे: तो गेला तरी वाडा आणि वाड्यातलं धान्य मालकाचंच. एक छोटी मजकुराची फाइल लिहायची, तिला कंपोझ फाइल म्हणतात. जेलीफिनची कुठली आवृत्ती घ्यायची, ८०९६ हे पोर्ट उघडायचं, सेटिंगचं फोल्डर कुठलं आणि गाणी-व्हिडिओंचं कुठलं, एवढंच तिच्यात असतं. व्हिडिओंचं फोल्डर मी फक्त वाचण्यापुरतं जोडलंय. जेलीफिनला ते दाखवता येतं, पुसता येत नाही. नवी आवृत्ती आली की जुना कंटेनर टाकून नवा उभा करायचा, सेटिंग बाहेरच्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी राहते. उद्या जेलीफिन चालवणाऱ्यांचंही मन फिरलं, तर दुसरा कुठलाही सर्व्हर त्याच फोल्डरला जोडता येईल. व्हिडिओ स्टेशन काढून घेतलेल्यांना हेच करावं लागलं, आणि ज्यांनी आधीच केलं होतं त्यांच्या घरातला पिक्चर त्या दिवशी बंद पडला नाही.

नव्याने बसवणाऱ्यांची पहिली अडचण बहुतेक वेळा एकच असते. सगळं सुरू होतं आणि लायब्ररी रिकामी दिसते. कंटेनर ज्या वापरकर्त्याच्या क्रमांकाने चालतो, त्याला ते फोल्डर वाचायची मुभा नसते. कंपोझ फाइलमध्ये फोल्डरच्या मालकाचा क्रमांक टाकला की काम होतं. दुसरी अडचण जुन्या टीव्हीची. त्याला एचईव्हीसी व्हिडिओ कळत नाही, सर्व्हरला तो चालता चालता बदलून द्यावा लागतो. प्रोसेसरमधलं इंटेलचं ग्राफिक्स कंटेनरच्या हवाली केलं तर हे सहज होतं, नाहीतर चित्र अडखळतं. तिसरी अडचण आपल्या भाषेची. जेलीफिन सिनेमाचं नाव बघून पोस्टर आणि माहिती इंटरनेटवरून आणतं. मराठी सिनेमांची माहिती तिथे तुटपुंजी, आणि सप्ताहाच्या कीर्तनाची असणार तरी कशी? ती हाताने लिहावी लागते: गाव, महाराजांचं नाव, साथीला कोण, साल. मी ती लिहितो. 'महाराज नवीन २' अशी नावं पुन्हा ठेवायची नाहीत.

इथे रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली की दोन-दोन दिवस इंटरनेट नसतं. घरातल्या घरात हे सगळं तेव्हाही चालतं. शेजारची मुलं जुने पिक्चर बघायला येतात.

दोन डिस्कवर एकच माल ठेवला म्हणजे तो सुरक्षित झाला, असं मात्र कुणी समजू नये. एक डिस्क बिघडली तर दुसरी वाचवते. वीज कोसळली, पाणी घुसलं तर दोन्ही एकदमच जातात. १७-१८ ऑगस्ट २०२५ च्या रात्री आमच्या तालुक्यात लेंडी नदीच्या पाण्याने हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली ही गावं वेढली. हसनाळला माणसं दगावली. लोकांना वाचवायला लष्कराला यावं लागलं. त्या दुःखापुढे फोटो आणि कॅसेटींची गोष्ट काढू नये. पण पाणी ओसरल्यावर बायांनी चिखलातून आधी काय उचललं, तर लग्नाचे अल्बम. म्हणून माझी तिसरी प्रत लातूरला, नातेवाइकांच्या घरी असते.

महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ-ब-क-ड वर्गांची अनुदानं आहेत. तालुक्याच्या ग्रंथालयात असं एक यंत्र आणि महिन्यातून दोन दिवस येणारा एक जाणकार पोरगा, एवढ्यावर गावोगावचे सप्ताह, जलसे, लग्नं जपता येतील. ज्याच्या घरचं आहे त्याला विचारून, त्याच्या नावासह. मी हे बैठकांतून मांडलं, निवेदनं दिली. 'हे इंटरनेटवर का टाकत नाही?' असा प्रश्न येतो आणि विषय संपतो.

वेळ मात्र फार नाही. यातलं पुष्कळ अजून व्हिडिओ कॅसेटींवरच आहे. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, तिने ते बनवणं थांबवलं जुलै २०१६ मध्ये, जिओ येण्याच्या थोडंच आधी. आता चालू व्हीसीआर शोधायला नांदेडचा जुना बाजार पालथा घालावा लागतो. मिळाला तर त्याचा पट्टा सैल असतो, हेड झिजलेलं. कपाटातल्या टेपांवर दर पावसाळ्यात बुरशीचा पांढरा थर वाढतो, आणि बुरशी लागलेली टेप लावली की हेडही खराब होतं. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात, ती साधारण तीन जीबीत बसते. मुखेड, देगलूर, कंधार, उदगीर, जळकोट, अहमदपूर, कुणाच्याही माळ्यावर अशी कॅसेट असेल, मोबाईलच्या जुन्या दुकानदाराकडे एखादी बंद पडलेली डिस्क असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका. या उन्हाळ्यात, हवा कोरडी असेपर्यंत, उतरवून घ्या.