व्रणातली वाट

संपादकांना ‘वैद्यकातला चमत्कार’ छापाचा लेख हवा होता. युरोपातली काही रुग्णालयं हृदयाच्या ठोक्यांचा बिघाड आता एमआरआयच्या बोगद्यातच दुरुस्त करतात, त्यावर लिहा म्हणाले. मी हो म्हटलं ते एका फाइलमुळे. फाइल गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याच्या एका गृहस्थांची. उमेदीची वर्षं ऊसतोडीत गेलेली, वय साठीचं, मागे एकदा हार्ट अटॅक येऊन गेलेला. अलीकडे बसल्या जागी छातीत धडधड सुटायची आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. बीडला ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टरांनी ‘व्हीटी’, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यातून सुटणारे वेगवान ठोके, असं लिहून छत्रपती संभाजीनगरला धाडलं. तिथे कोणीतरी शहाणपणाने हृदयाचा एमआरआय करून घेतला. त्या चित्रात डाव्या कप्प्याचा स्नायू काळा दिसतो आणि त्याच्या भिंतीत एका बाजूला पांढरा डाग.

डाग म्हणजे अटॅकमध्ये मेलेला आणि आता व्रण झालेला स्नायू. शिरेतून गॅडोलिनियमचं औषध सोडून दहा-वीस मिनिटं थांबतात. जिवंत स्नायूतून ते निघून जातं, व्रणात रेंगाळतं आणि तेवढाच भाग उजळतो. रेमंड किम आणि रॉबर्ट जड यांच्या अमेरिकी गटाने ही युक्ती 1990च्या दशकाच्या अखेरीस पक्की केली. ठोक्यांच्या डॉक्टरांना मात्र पांढऱ्यापेक्षा त्याच्या कडेच्या राखाडीत जास्त रस असतो. व्रण एकसंध नसतो. त्यात जिवंत तंतूंच्या बारीक वाटा शिल्लक राहतात. बांध वरून भक्कम दिसावा आणि खेकड्याच्या बिळातून पाणी पलीकडे जावं, तसा विजेचा प्रवाह या वाटांतून रेंगाळत जातो. तो पलीकडे निघेपर्यंत भोवतालचा स्नायू पुन्हा आकुंचनाला तयार झालेला असतो. मग प्रवाह गोल फिरू लागतो आणि नाडी मिनिटाला दीडशेच्या वर जाते. ही वाट सापडली आणि जाळली, की चक्र तुटतं.

जाळण्याची सुरुवात 1982 साली अमेरिकेत शाइनमन आणि गॅलाघर यांच्या गटांनी केली. ते थेट विजेचा झटका देत. पुढे सौम्य रेडिओलहरी आल्या. नळी जांघेतल्या शिरेतून हृदयात न्यायची, टोक तापवायचं आणि पन्नास अंशांच्या वर नेऊन स्नायूचा ठिपका कायमचा मारायचा. 1998 मध्ये बोर्दोच्या हैसागेर यांनी दाखवून दिलं, की एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या बेताल फडफडीची, ठिणगी बहुतेक वेळा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी पडते. तेव्हापासून जगभर या प्रक्रियांची रांग लागली.

हे सगळं एक्स-रेखाली चालतं, आणि एक्स-रेत बरगड्या दिसतात, नळी दिसते, हृदयाचा स्नायू दिसत नाही. म्हणून 1990च्या दशकात नळीचं टोक आतून जागोजागी टेकवून संगणकावर रंगीत नकाशा काढायची पद्धत आली. ती उत्तम आहे, पण ती भिंतीचा पृष्ठभाग सांगते, भिंतीच्या पोटातलं कमी. खोली एमआरआय सांगतो. आधी काढलेला एमआरआय या नकाशावर चढवून व्रणातल्या वाटा प्रक्रियेपूर्वीच आखून ठेवायच्या, यावर बार्सिलोनात अंतोनियो बेरुएथो यांच्या गटाने चिकाटीने काम केलं आहे. यासाठी नवी कॅथलॅब लागत नाही. नीट काढलेली चित्रं आणि ती वाचणारं सॉफ्टवेअर लागतं. चकलांब्याच्या फाइलमधला अहवाल मात्र ‘व्रण आहे’ एवढं सांगून थांबतो. मूळ चित्रांची सीडी मिळाली तर वाटांचा नकाशा दुसरीकडे काढता येईल. घरचे ती शोधताहेत.

संपादकांना हवं होतं ते याच्या पुढचं पाऊल: आख्खी प्रक्रियाच चुंबकात. जॉन्स हॉपकिन्समध्ये लार्डो, हॅल्परिन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली प्राण्यांच्या हृदयात जाळलेला ठिपका एमआरआयवर उमटताना दाखवला. 2008 मध्ये त्याच संस्थेतल्या नझारियन यांच्या गटाने माणसाच्या हृदयात एमआरआय पाहत नळी फिरवली. पुढच्या दशकात जर्मनीतल्या लाइपझिगच्या हार्ट सेंटरने फ्लटरवर, म्हणजे उजव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) गोल फिरणाऱ्या वेगवान प्रवाहावर, अशा प्रक्रिया केल्या, आणि जानेवारी 2020 मध्ये मिनेसोटाच्या इमरिकॉर कंपनीच्या नळीला युरोपची मान्यता मिळाली. ओढ एकाच गोष्टीची: जाळल्यावर लगेच पाहता यावं, की स्नायू खरंच मेला की नुसता सुजला. सुजलेला भाग त्या दिवशी वीज अडवतो, सूज उतरली की पुन्हा वाट देतो, आणि रुग्ण काही महिन्यांनी परत येतो.

आता अडचण चुंबकाची. नेहमीचं यंत्र दीड टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींच्या वर. जानेवारी 2018 मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनच्या सिलिंडरसह एक तरुण या यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा जीव गेला. तेव्हापासून मराठी घरांत ‘एमआरआयमध्ये लोखंड नको’ हे सगळ्यांना पाठ आहे. नळीतलं लोखंड काढता येतं. तांब्याची तार मात्र काढता येत नाही, कारण हृदयातली वीज तिच्यातूनच ऐकायची. तांबं खेचलं जात नाही, पण यंत्राच्या चौसष्ट मेगाहर्ट्झच्या लहरींना ती लांब तार म्हणजे आयता अँटेना. टोक आपोआप तापतं, तेही कोणी आज्ञा न देता, भलत्याच जागी. म्हणून तारेत जागोजागी त्या लहरी अडवणारे भाग घालावे लागतात. टोकाशी बारीक कॉइल बसवतात आणि त्यांच्या इशाऱ्यावरून यंत्र नळी कुठे आहे ते ओळखतं.

मला खरी भूल पाडली ती ईसीजीने. रक्त खारट, म्हणजे विद्युतवाहक. चुंबकात महाधमनीतून ते जोराने धावलं की स्वतःची वीज निर्माण करतं, आणि ती वीज पट्टीवर नेमकी टी लहरीवर येऊन बसते. छोटीशी टी फुगून मुख्य ठोक्याएवढी होते आणि यंत्र एका ठोक्याचे दोन मोजतं. ज्या रोगाचं सगळं निदान पट्टीवर उभं, त्याची पट्टीच इथे विश्वासाची राहत नाही! भौतिकशास्त्राला विनोदबुद्धी असती तर त्याने दुसरं काय केलं असतं? डॉक्टर मग हृदयाच्या आतल्या तारांवरच्या इशाऱ्यांवर भिस्त ठेवतात, तेही गाळून घेतलेले.

साध्या, प्रक्रियेविना एमआरआयलाही याचा त्रास होतो. चित्र एका ठोक्यात पुरं होत नाही. अनेक ठोक्यांतले तुकडे पट्टीच्या तालावर जुळवावे लागतात. म्हणजे ठोके चुकणाऱ्या माणसाचं चित्र काढण्यासाठी यंत्राला न चुकणारे ठोके हवेत. हे सांभाळणारी टेक्निशियन मी संभाजीनगरच्या एका केंद्रात पाहिली. छातीवरचे पॅच ती पुनःपुन्हा हलवून लावते, पट्टी बरी उमटेपर्यंत. मग माइकवरून, ‘बाबा, श्वास घ्या... सोडा... आता घेऊ नका.’ दहा-बारा सेकंद. मध्येच एक जादा ठोका आला की चित्र पुसट, आणि ती न कंटाळता पुन्हा, ‘बाबा, श्वास घ्या.’ कुणाचा दम कमी हे तिला दोन फेऱ्यांत कळतं. त्यांच्यासाठी ती चित्र जरा जाडंभरडं घेते, पण वेळ कमी करते. ही तडजोड कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

लाइपझिगने फ्लटरपासून सुरुवात केली, त्याला कारण होतं. त्यात सहसा जिवावर बेतत नाही. व्हीटीवर काम करताना हृदय कधीही फडफडून थांबू शकतं, मग ताबडतोब झटका लागतो, आणि झटक्याचं नेहमीचं यंत्र चुंबकाजवळ नेता येत नाही. रुग्णाला आधी बाहेर काढायचं, मग झटका. म्हणजे चकलांब्याच्या फाइलमधला आजारच या खोलीला सर्वांत जड.

आणखी एक धक्का 2022 मध्ये बसला. एट्रियल फिब्रिलेशनच्या 843 रुग्णांच्या डीकाफ-टू चाचणीत, नेहमीच्या जाळण्याला एमआरआयवर दिसलेल्या व्रणाच्या जागा जाळण्याची जोड दिली होती. बिघाड परतण्याचं प्रमाण 43 टक्के आलं. नुसत्या नेहमीच्या पद्धतीत ते 46.1 टक्के होतं. हा फरक सांख्यिकीच्या कसाला उतरला नाही. दरम्यान 2021 पासून युरोपात उष्णतेऐवजी क्षणिक विद्युत स्पंदांनी पेशी मारणारी पद्धत रुजली. ती झटपट होते, म्हणून एवढं अवघड चुंबकगृह कशाला, असं विचारणारे वाढले. मला स्वतःला चुंबकातल्या प्रक्रियेपेक्षा आधीच्या चित्रावर जास्त भरवसा वाटतो, निदान व्हीटीसाठी.

ते चित्रही सहज मिळत नाही. व्हीटीच्या अनेक रुग्णांच्या छातीत डाव्या बाजूला आयसीडी, म्हणजे गरज पडताच आपोआप झटका देणारं यंत्र, बसवावं लागतं, आणि त्याची डबी नेमकी हृदयावरच सावली टाकते. ती टाळणारी तंत्रं आहेत, पण ती यंत्रात घेतलेली असावी लागतात. म्हणून शक्य तर आयसीडीच्या आधीच चित्र काढावं. त्याला लागतो पाऊण ते एक तास. तेवढ्या वेळात कंबरेचे दोन-तीन एमआरआय उरकतात. त्या केंद्रात हृदयाची पाळी दुपारी, कंबर-गुडघ्यांची रांग ओसरल्यावर. रुग्ण जादा ठोक्यांचा असेल तर टेक्निशियन पुढच्या माणसाला आधीच सांगून ठेवते, की जेवून या.