विश्लेषण : मालवण किनाऱ्यावरची चिऱ्याची घरे छपरापासून का ढासळतात?

मालवण, देवगड, वेंगुर्ले परिसरातील वाड्यांत एक दृश्य हमखास दिसते. चिऱ्याच्या भिंती शाबूत, दाराची चौकट जागेवर आणि माजघरात पुरुषभर उंचीचे रान. छप्पर तेवढे नाही. असे घर कुणी पाडलेले नसते. ते फक्त बंद असते.

चिरा म्हणजे नेमके काय?

कोकणच्या सड्यावरचा जांभा दगड चौकोनी कापला की त्याला चिरा म्हणतात. खाणीत तो ओलसर आणि तुलनेने मऊ असतो. हवा-उन्हात सुकला की कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरांनी मलबारात हा दगड विटांसारखा कापून वापरलेला पाहिला आणि १८०७ साली विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. नाव चपखल आहे. इतरत्र माती कालवून, भट्टीत भाजून वीट करावी लागते. इथे ती जमिनीतूनच निघते. खोट एकच. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी पितो, आणि जुन्या भिंतींचे सांधे बहुधा मातीचे किंवा चुन्याचे असतात.

मग पावसात भिंत टिकते कशी?

जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणून घराची सारी रचना भिंतीला पाणी लागू नये, यासाठी असते. उंच जोते, तीव्र उतार, खाली उतरलेली वळचण आणि मुख्य भिंतींपुढे पडवी. पडवी गजालींसाठी असते, हे खरे. पण तिचे पहिले काम झड अडवण्याचे.

वर पूर्वी गवत किंवा नळीची कौले असत. बासल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि एकमेकांत अडकणारी चपटी ‘मंगलोरी’ कौले हळूहळू किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. ही कौले रिपांवर मुख्यतः स्वतःच्या वजनाने बसतात. त्यामुळे फुटलेले एक कौल काढून दुसरे घालता येते. वारा ती उचलतो, तेही याचमुळे. मे २०२१ मधील तौक्ते वादळात किनाऱ्यावरच्या अनेक घरांनी हे अनुभवले.

शाकारणी चुकली तर?

मिरगाच्या आधी कौले उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावणे म्हणजे शाकारणी. एक वर्ष ती राहिली, तर फुटक्या कौलातून पाणी वाशावर उतरते. वासा कुजतो, वाळवी लागते, छप्पर वाकते आणि मग उघड्या पडलेल्या भिंतीचे सांधे पाऊस धुऊन नेतो. त्यात वानरांच्या टोळ्या. एका उडीत चार कौले फोडणाऱ्या वानराला घर वारसा आहे की नाही, याच्याशी कर्तव्य नसते.

अडचण वेळापत्रकाचीही आहे. चाकरमानी चतुर्थीला घर उघडतात तेव्हा गळती दिसते; पण ओल्या, शेवाळलेल्या छपरावर तेव्हा चढता येत नाही. काम पुढच्या उन्हाळ्यावर जाते. मे महिन्यात सगळ्यांनाच एकदम कामगार हवे असतात.

पत्रा किंवा स्लॅब का येतो?

लोक परंपरा विसरले, हे उत्तर सोपे आणि अपुरे आहे. पत्रा तापतो, पावसात बोलणे ऐकू येत नाही. पण वानराने फुटत नाही आणि दरवर्षी उतरवावा लागत नाही. शिवाय घर सामायिक असेल तर खर्च कोणी करायचा, हा प्रश्न उरतोच. सात-बारावर किंवा घरपट्टीला आजोबांचेच नाव, वारस मुंबई-पुण्यात पांगलेले. घर नव्याने बांधायचे तर सगळ्यांची संमती हवी. शाकारणीला कुणाच्या सहीची गरज नसते, फक्त एप्रिल-मेमध्ये गावात कुणीतरी असावे लागते.