बिनरेडिओची मोटार आणि तींत रेडिओ बसविण्याची विद्या

बाजारांत एखादी नवी वस्तु आली म्हणजे तिच्यांत काय काय अधिक आहे, हें विकणारा मोठ्या अभिमानानें सांगत असतो. परंतु २०२५ सालच्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंत एक मोटार लोकांपुढें मांडण्यांत आली, आणि तिची कीर्ति झाली ती तिच्यांत काय नाहीं यावरून! ‘स्लेट’ हें तिचें नांव. विजेवर चालणारी, दोनच माणसांना बसण्याजोगी, पिकअप जातीची ही छोटी मालमोटार होय. तिच्या कांचा हातानें दांडा फिरवून वरखालीं करावयाच्या. बाहेरचें आवरण लोखंडी पत्र्याचें नसून करड्या प्लॅस्टिकचें, म्हणून त्यास रंग देण्याचें कारण नाहीं. समोरच्या फळीवर मोठा पडदा नाहीं. आणि रेडिओहि नाहीं. फोन अडकविण्यापुरती एक जागा तेवढी ठेविलेली. ज्याला जें हवें तें त्यानें मागाहून विकत घ्यावें, आणि शक्य तर स्वतःच्या हातानें बसवावें, असा ती निर्माण करणारांचा विचार.

मध्यवर्ती सरकारची ७,५०० डॉलरांची सूट धरतां ही गाडी २०,००० डॉलरांच्या आंत मिळेल, असें त्या वेळीं सांगण्यांत आलें होतें. ती सूट ३० सप्टेंबर २०२५ रोजीं बंद झाली. तथापि मूळ विचार त्यामुळें खोटा ठरत नाहीं. ज्याला रेडिओ नको त्यानें रेडिओचे पैसे कां द्यावेत? आमच्याकडे तरी हा विचार नवा नाहीं. लहान मालमोटार घेणारा गृहस्थ ती आहे तशीच घरीं आणतो, आणि मग सवडीनें वायरिंगवाल्या मिस्त्रीकडून तींत ‘टेप’ बसवून घेतो. मात्र मिस्त्री आंत काय करतो, हें मालकास क्वचितच ठाऊक असतें. तें ठाऊक नसल्यामुळें कधीं बॅटरी उतरते, तर कधीं गाडीच पेट घेते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मोटार आणि रेडिओ यांची सोयरीक मुळांत अशी बाहेरूनच जमलेली आहे. १९३० सालीं शिकागो येथील कारखानदार पॉल गॅल्विन यांनीं एक रेडिओ आपल्या स्टुडबेकर मोटारींत बसविला, ती मोटार अटलांटिक सिटी येथें रेडिओ बनविणारांच्या परिषदेस नेली, आणि बाहेर उभी करून रेडिओचा आवाज मोठा केला. लोक जमले व मागण्या आल्या. त्या रेडिओची किंमत ११० ते १३० डॉलर होती, आणि ‘मोटोरोला’ हें नांव तेव्हांचेंच. परंतु तो बसविणें म्हणजे मोठेंच संकट असे. त्या काळच्या रेडिओंत कांचेच्या नळ्या असत. त्यांस फार उच्च दाबाची वीज लागे, ती मोटारीच्या बॅटरींतून मिळत नसे. म्हणून निराळ्या बॅटऱ्या गाडींत बसवाव्या लागत. शिवाय एंजिनांतील ठिणग्यांची खरखर गाण्यावर मात करी, ती वेगळीच. १९४७ सालीं ट्रॅन्झिस्टरचा शोध लागला, आणि १९५५ सालीं फिल्को कंपनीनें क्राय्‌स्लर मोटारींसाठीं नळ्यांवांचून चालणारा रेडिओ तयार केला. ट्रॅन्झिस्टरास थोडक्या दाबाची वीज पुरते. आज १२ व्होल्टांच्या बॅटरीवर मोटारींतला रेडिओ चालतो, तो या शोधाच्या बळावर.

येथें कोणी विचारील, “प्रत्येकाच्या खिशांत फोन असतांना रेडिओ हवाच कशाला?” प्रश्न वाजवी आहे. केवळ गाणीं ऐकावयाचीं असतील तर फोन आणि स्वतःच्या बॅटरीवर चालणारा एक लहानसा स्पीकर एवढ्यानें काम भागतें, एक तारहि जोडावी लागत नाहीं. परंतु फोन आपली वार्ता जवळच्या मनोऱ्याकडून घेतो. मनोरा बंद पडला कीं फोन मुका होतो. २०२४ सालच्या सप्टेंबरअखेर हेलीन नांवाचें चक्रीवादळ अमेरिकेच्या आग्नेय भागावर आलें. नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखांत महापूर आले, रस्ते वाहून गेले, वीज गेली आणि फोनहि बंद पडले. अशा वेळीं पाणी कोठें मिळतें, कोणता रस्ता मोकळा आहे, हें ॲशव्हिलच्या आसपासचे लोक रेडिओवरून ऐकत होते. आणि कित्येकांचा रेडिओ म्हणजे दारांत उभी असलेली मोटार हाच होता. दूरच्या एका उंच खांबावरून निघालेली लहर शेंकडों घरीं एकदमच पोंचते. तिला गल्लोगल्लीं मनोरे लागत नाहींत. म्हणून रेडिओ ही नुसती चैन आहे, असें म्हणतां येत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. विजेच्या मोटारींत दोन प्रकारची वीज नांदते, हें सर्वांआधीं ध्यानांत धरावें. चाकें फिरविणारी बॅटरी शेंकडों व्होल्टांची असते. तिच्या जाड तारांवर नारिंगी वेष्टन असतें, आणि त्यांस हात लावणें म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणें होय. दिवे, भोंगा, पुसणी यांकरितां १२ व्होल्टांची निराळी लहान व्यवस्था असते. रेडिओ जोडावयाचा तो हिलाच. नारिंगी तार दिसली कीं हात मागें घ्यावा. विद्यार्थ्यांनीं असलें काम जाणत्या माणसाच्या देखरेखीवांचून कधींहि करूं नये.

रेडिओच्या पाठीमागें तारांचा झुबका असतो. त्यांतील मुख्य तारा तीन. पिवळी तार बॅटरीशीं सदैव जोडलेली राहते. घड्याळ आणि निवडून ठेविलेलीं केंद्रें यांची आठवण ती जागृत ठेवते. लाल तारेंत गाडी चालू असतांनाच वीज यावी; तिच्यामुळें रेडिओ सुरू होतो व गाडी बंद होतांच बंद पडतो. काळी तार गाडीच्या लोखंडी सांगाड्यास जोडावयाची; आलेली वीज त्या वाटेनें परत जाते. रंगांची ही रीत बहुतेक ठिकाणीं पाळली जाते, पण ती रूढि आहे, सृष्टीचा नियम नव्हे. म्हणून विजेचा दाब मोजणारें मीटर लावून प्रत्येक तार तपासल्याखेरीज तिच्या रंगावर विश्वास ठेवूं नये.

पिवळी व लाल यांची गफलत झाल्यास काय होतें, तें गणितानें पाहूं. आठवण राखण्यासाठीं रेडिओ सुमारें ५ सहस्रांश अँपिअर वीज घेतो असें धरा. चोवीस तासांत ०.१२ अँपिअर-तास खर्च होतील; शंभर दिवसांत १२. चाळीस अँपिअर-तासांच्या बॅटरीस हा भार सोसतां येईल. परंतु लाल तार चुकून सदैव वीज असलेल्या ठिकाणीं जोडली आणि रेडिओ चालूच राहिला, व तो एक अँपिअर घेऊं लागला, तर तीच बॅटरी चाळीस तासांत रिकामी होईल. शनिवारीं दुपारीं उभी केलेली गाडी सोमवारीं सकाळीं जागची हलणार नाहीं, आणि दोष मात्र बॅटरीला लागेल.

याहून गंभीर गोष्ट फ्यूजची. फ्यूज म्हणजे जाणूनबुजून अशक्त ठेविलेला तारेचा तुकडा. वाजवीपेक्षां अधिक वीज वाहूं लागली कीं तो स्वतः वितळतो आणि बाकीच्यांस वांचवितो. १० अँपिअरचा फ्यूज १२ व्होल्टांवर १२० वॉटपर्यंत वीज जाऊं देतो. साध्या रेडिओस तेवढी पुष्कळ झाली. “बाराच व्होल्ट, त्यांत काय भय?” असें म्हणणारे लोक भेटतात. माणसास झटका बसत नाहीं, हें खरें. परंतु वेष्टन घांसून तार लोखंडास टेकली तर बॅटरी शेंकडों अँपिअर ओतूं शकते. तार लाल होते, वेष्टन जळतें व आग पसरते. म्हणून फ्यूज वीज घेण्याच्या जागेजवळच हवा. कारण बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्यास फ्यूजचें रक्षण नसतें. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याच्या जागीं मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार बसविणें म्हणजे भुंकतो म्हणून पहारेकरी कुत्र्यासच हांकलून देण्यासारखें आहे. चोर कोठून आला तें शोधावें.

गाडीच्या जुन्या तारा सोलून त्यांस नव्या तारा गुंडाळण्याची पद्धत सोपी दिसते, पण ती टाळावी. असा जोड हादऱ्यांनीं सैल होतो. सैल जोड तापतो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकांत जादा वस्तूंसाठीं वीज कोठून घ्यावी हें दिलेलें असतें. ती जागा पाहून, जोड पक्का दाबून, त्यावर वेष्टन चढवावें. पत्र्याच्या भोंकांतून तार न्यावयाची असल्यास भोंकास रबरी कडें बसवावें. दारांतून तार नेल्यावर कांच दोनचार वेळां खालींवर करून तार कोठें चिमटत तर नाहीं ना, हें पाहावें.

आतां स्पीकर. प्रत्येक स्पीकरला दोन तारा, एक धन व दुसरी ऋण. येथें दोन चुका हमखास होतात. ऋण तार ‘तीहि काळीच’ म्हणून गाडीच्या सांगाड्यास जोडणें, ही पहिली. आजकालच्या बहुतेक रेडिओंत स्पीकरच्या दोन्ही तारांतून शक्ति येते. त्यांतली एक सांगाड्यास टेकली तर रेडिओ बिघडण्याचा संभव असतो. दुसरी चूक एका स्पीकरच्या तारा उलट जोडण्याची. मग एक स्पीकर हवा पुढें ढकलतो त्याच क्षणीं दुसरा ती मागें ओढतो. दोघांचें भांडण होऊन तबल्याचा व मृदंगाचा खर्ज नाहींसा होतो. ऐकणारास वाटतें, स्पीकरच हलका निघाला. घरांत दोन माणसें विरुद्ध दिशांना ओढूं लागलीं म्हणजे दोघांचीहि शक्ति वायां जाते, तसाच हा प्रकार.

एरिअलच्या बाबतींत प्लॅस्टिकच्या गाडीची एक खास अडचण आहे. एफ.एम. केंद्रें ८८ ते १०८ मेगॅहर्ट्‌झ या पट्ट्यांत असतात. १०० मेगॅहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारें ३ मीटर. उभी एरिअल तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या आसपास, असली म्हणजे चांगलें काम देते. परंतु ती अर्धीच बाजू झाली. उरलेली बाजू तिच्या पायथ्याखालचा धातूचा पत्रा भरून काढतो. पायथ्याखालीं प्लॅस्टिक असलें तर एरिअल लंगडी पडते. म्हणून अशा गाडींत आंतल्या लोखंडी सांगाड्याचा आधार शोधून, जोडाच्या जागेचा रंग खरवडून, एरिअलचें बाहेरचें वेष्टन तेथें पक्कें करावें लागतें.

जुन्या मोटारींत ठिणग्यांची खरखर होती, तिची जागा विजेच्या मोटारींत एका नव्या शत्रूनें घेतली आहे. बॅटरींतील एकदिशा वीज चाकांच्या यंत्रासाठीं उलटसुलट करावी लागते. तें काम करणारें उपकरण सेकंदास हजारों वेळां वीज तोडतें व जोडतें. त्यांतून उठणारी गडबड ए.एम. केंद्रांच्या मध्यम लहरींत शिरते. ए.एम. मध्यें संदेश लहरीच्या कमीअधिक उंचींत सांठविलेला असतो, आणि गडबड नेमकी उंचीच बिघडविते. एफ.एम. मध्यें तो कंपनांच्या संख्येंत असतो, म्हणून तो पुष्कळसा निसटतो. या अडचणीमुळें कित्येक कारखानदारांनीं विजेच्या मोटारींतून ए.एम. काढून टाकलें. फोर्ड कंपनीनेंहि नव्या मोटारींतून तें काढण्याचें ठरविलें होतें. परंतु संकटकाळच्या सूचनांचा प्रश्न उपस्थित होतांच २०२३ सालच्या मे महिन्यांत तिनें तो बेत मागें घेतला. रेडिओच्या तारा जाड तारांपासून दूर ठेवल्यास आपणांसहि ही खरखर कमी करतां येते.

शेवटीं रेडिओ कोठें बसवावा? साधारण रेडिओचा पुढचा भाग सुमारें १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच असतो. तेवढी खोबण नसेल तर फळीखालीं पक्की पेटी लावतां येते. मात्र गुडघ्यास लागेल, धक्क्याच्या वेळीं फुगणाऱ्या पिशवीच्या आड येईल, किंवा चालकाची नजर रस्त्यावरून खालीं ओढील, अशी जागा नको. अमेरिकेंत मे २०१८ पासून प्रत्येक नव्या लहान मोटारीस मागचें दाखविणारा कॅमेरा सक्तीचा आहे. त्याच्या पडद्यास व तारांस धक्का लावूं नये. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत जवळजवळ १७ मीटर पुढें जाते. केंद्र शोधण्यासाठीं दोन सेकंद नजर खालीं गेली, तर आपल्या शाळेच्या तीनचार वर्गांएवढी लांबी आपण डोळे मिटून गेलों असें समजावें. म्हणून न पाहतां बोटांस सांपडणारी गोल खुंटी गुळगुळीत पडद्याहून बरी.

सर्व जोडून झाल्यावर फळी बंद करण्याआधीं रेडिओ लावून पाहावा. गाडी बंद केल्यावर तो बंद होतो कीं नाहीं हें पाहावें. आणि अर्ध्या तासानें प्रत्येक जोडास हात लावून तो गरम तर नाहीं ना, याची खात्री करावी.

पालकांनो, आपल्या मुलामुलींनीं अशी एखादी वस्तु उघडून पाहण्याची इच्छा दर्शविली तर “हात लावूं नको” एवढेंच म्हणून थांबूं नये. जवळ बसावें, कोणत्या तारेस हात लावावयाचा नाहीं तें सांगावें, आणि मग बाकीचें तिला किंवा त्याला करूं द्यावें. सर्व कांहीं तयार मिळणारी गाडी माणसास घेऊन जाते. पण जिची एकेक तार आपण जाणतों ती गाडी अडचणींत आपली सोबत करते. वादळाच्या रात्रीं फोन मुका झाला असतां आपल्या हातानें जोडलेल्या रेडिओंतून माणसाचा आवाज ऐकूं आला, म्हणजे या विद्येचें मोल निराळें सांगावें लागत नाहीं.