अज्ञात प्रकाशकाची मोहोर

विंडोज संगणकावर एखाद्या हौशी कारागिराने लिहिलेले आणि फुकट वाटलेले सॉफ्टवेअर उतरवून घेऊन त्यावर दोनदा टिचकी मारली, की पुष्कळदा पडद्यावर एक निळी चौकट उभी राहते. विंडोजने आपल्या संगणकाचे रक्षण केल्याचे ती मोठ्या अक्षरांत जाहीर करते आणि 'मोअर इन्फो' या बारीक अक्षरांवर टिचकी मारल्याखेरीज 'रन एनीवे' हे बटण मुळी दाखवीतच नाही. ते दिसले तरी त्याच चौकटीत 'अननोन पब्लिशर' हा शेरा असतोच. ज्या गृहस्थाने नोकरीधंदा सांभाळून, रात्री जागवून ते सॉफ्टवेअर रचले आणि त्यातील ओळ न् ओळ जगासमोर उघडी मांडली, त्यालाच अज्ञात ठरविणारा हा शेरा पुसून घ्यायला काय पडते, याची हकीकत उद्बोधक आहे.

सॉफ्टवेअरवर सही करण्याची ही पद्धत मायक्रोसॉफ्टने १९९६ साली 'ऑथेंटिकोड' या नावाने सुरू केली. शिवकालीन व पेशवेकालीन पत्रांच्या मस्तकी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटवीत; शिक्क्यावरून पत्र कोणाचे ते कळे, आणि मोर्तबामुळे मजकूर संपल्यावर कोणाला पदरची ओळ घुसडता येत नसे. डिजिटल सही ही दोन्ही कामे एकदम करते. प्रथम त्या संपूर्ण फाइलचे एक गणिती सार काढतात. 'शा-२५६' या प्रचलित रीतीने ते चौसष्ट अक्षरांत मावते, आणि मूळ फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी पार निराळे येते. कर्ता या सारावर आपल्या गुप्त किल्लीने सही करतो आणि तिची जोडीदार असलेल्या जाहीर किल्लीने ती कोणालाही पडताळता येते. प्रश्न उरतो तो एवढाच, की ही जाहीर किल्ली अमक्याचीच, याची हमी कोणी द्यायची? ती हमी देणाऱ्या संस्था, म्हणजे सर्टिफिकेट ऑथॉरिटी, अर्जदाराची ओळखपत्रे तपासून प्रमाणपत्र देतात आणि त्याचे मोल घेतात.

हे मोल बहुधा वर्षाला काहीशे डॉलरांच्या घरात असते. शिवाय १ जून २०२३ पासून गुप्त किल्ली साध्या फाइलमध्ये ठेवण्याची मुभा राहिली नाही. ती टोकनासारख्या सुरक्षित उपकरणातच असावी लागते. जीएसटीसाठी किंवा ई-निविदेसाठी डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्या आपल्याकडील व्यापाऱ्यांना ही वस्तू परिचित आहे. मात्र ते टोकन येथे चालत नाही. कंपनीच्या जमाखर्चात हा खर्च कोपऱ्यात पडून राहील. पण ज्याला त्या सॉफ्टवेअरपासून छदामही मिळत नाही, त्याने दान करण्याच्या परवान्यासाठी दरसाल भरणा करावा, हा शिरस्ता विचित्रच म्हटला पाहिजे.

पैशापेक्षाही अवघड असते ते नाव. डॉन हो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेला 'नोटपॅड प्लस प्लस' हा मजकूर-संपादक (टेक्स्ट एडिटर) जगभर लाखो लोक वापरतात. त्याचे देणगीदाखल मिळालेले प्रमाणपत्र २०१९ च्या सुमारास मुदतबाह्य झाले, तेव्हा नवे त्याच नावाने मिळेना. कारण त्या नावाची कंपनी वा नोंदलेली संस्था कोठे अस्तित्वातच नव्हती. अखेर वैतागून हो यांनी ७.६.४ ही आवृत्ती सहीविनाच प्रसिद्ध केली. सही पुढे यथावकाश परत आली, पण कागदोपत्री अस्तित्व नसलेल्या लोकप्रिय वस्तूची अडचण त्या प्रसंगाने चव्हाट्यावर आणली.

बरे, मोहोर असली म्हणजे माल निर्दोष, असेही नाही. २००१ साली मायक्रोसॉफ्टचा कर्मचारी असल्याची बतावणी करणाऱ्या कोणा इसमाला व्हेरिसाइन या प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेने मायक्रोसॉफ्टच्याच नावाची दोन प्रमाणपत्रे देऊन टाकली. २०१० साली उघडकीस आलेल्या, इराणच्या अणुकेंद्रातील यंत्रांवर घाला घालणाऱ्या 'स्टक्सनेट' या घातक सॉफ्टवेअरवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या दोन तैवानी कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी केलेल्या सह्या होत्या. सही कोणाच्या किल्लीने झाली एवढेच प्रमाणपत्र सांगते. हेतूची ग्वाही ते देत नाही. उलट प्रामाणिक हौशी माणसाने पदरमोड करून प्रमाणपत्र घेतले, तरी त्याच्या सॉफ्टवेअरची पुरेशी ख्याती जमेपर्यंत ती निळी चौकट दिसतच राहू शकते!

सुटकेच्या वाटा अगदीच नाहीत असे नाही. पोलंडमधील 'सर्टम' ही संस्था मुक्तस्रोत कर्त्यांना सवलतीत प्रमाणपत्र देते. त्यावर 'ओपन सोर्स डेव्हलपर' या शब्दांपुढे कर्त्याचे खरे नाव येते, आणि टोपणनावाने वावरू इच्छिणाऱ्याला तेच नको असते. 'साइनपाथ फाउंडेशन' पात्र प्रकल्पांना विनामूल्य सही देते, परंतु प्रकाशक म्हणून नाव लागते ते फाउंडेशनचे. विंडोजबाहेर पाहू गेल्यास, ॲपलकडे सहीसाठी वर्षाला ९९ डॉलर भरून सभासद व्हावे लागते. डेबियनसारख्या लिनक्स वितरणात मात्र सॉफ्टवेअरच्या संग्रहाची सही वितरणाचे स्वयंसेवकच सांभाळतात, आणि हौशी कर्त्याला कोणत्याही दुकानाची पायरी चढावी लागत नाही.

संकेतस्थळांची प्रमाणपत्रे 'लेट्स एनक्रिप्ट' या सर्टिफिकेट ऑथॉरिटीने २०१५ पासून फुकट वाटली, मग येथेच घोडे कोठे अडले, असे कोणी विचारील. संकेतस्थळावर अर्जदाराचा ताबा आहे की नाही, हे यंत्र क्षणात तपासते. माणसाची ओळख पटविण्याचे काम तितके स्वस्त नाही. हे मान्य करूनही माझे मत असे, की ज्यांनी ही चौकट उभी केली आणि ज्यांच्या संगणकांची उपयुक्तता या फुकट सॉफ्टवेअरने वाढते, त्या धनाढ्य कंपन्यांनीच मुक्तस्रोत कर्त्यांच्या मोहोरेचा खर्च उचलला पाहिजे.

तोवर वाचकांना एवढेच सांगणे, की निळी चौकट दिसताच घाबरू नका, आणि डोळे मिटून 'रन एनीवे'ही दाबू नका. सॉफ्टवेअर कर्त्याच्या मूळ स्थळावरूनच घ्या. सही असल्यास फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' या सदराखाली नाव वाचा, नसल्यास कर्त्याने प्रसिद्ध केलेले सार ताडून पाहा. आणि एखादे हौशी सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे वापरीत असाल, तर त्याच्या कर्त्याला यंदा यथाशक्ती देणगी पाठवा.